दर वेळी त्याच्याकडेच चांगली पानं कशी?

ऑनलाइन पोकर शिकू लागलेला माणूस थोड्याच दिवसांत हा प्रश्न विचारतो. आपली बिग ब्लाइंडची पाळी आली की टेबलावरचा तोच एक खेळाडू रेज करतो. आपल्या हातात नव्वी-चव्वी किंवा गुलाम-तिर्री असं काहीतरी असतं. आपण पानं टाकून देतो. पुढच्या फेरीत पुन्हा तेच. तासाभराने पाहावं तर चिप्सची रास पाचव्या हिश्शाने ओसरलेली असते आणि आपण एकही डाव धड खेळलेलो नसतो.

याचं उत्तर असं की त्याच्याकडे चांगली पानं येतच नाहीत. पत्ते त्यालाही तुमच्यासारखेच वाटले जातात. तुम्ही पानं टाकून देता, हे मात्र त्याने ओळखलेलं असतं. तो पानांवर खेळत नाही, तुमच्या सवयीवर खेळतो. ही सवय मोडायची तर थोडं गणित लागतं, आणि ते सातवीतल्या टक्केवारीपलीकडे जात नाही.

१. टेबल आणि दोन सक्तीच्या रकमा

टेक्सस होल्डम या प्रकारात प्रत्येकाला दोन पानं मिळतात आणि ती त्याची त्यालाच दिसतात. मग टेबलावर सगळ्यांसाठी उघडी पानं येतात. आधी एकदम तीन, त्यांना फ्लॉप म्हणतात. मग एक, तो टर्न. शेवटी आणखी एक, तो रिव्हर. आपली दोन आणि ही पाच अशा सात पानांतून ज्याची पाच पानं सरस, तो जिंकला. प्रत्येक टप्प्यावर पैसे लावण्याची फेरी होते. समोरच्याची रक्कम जुळवली तर कॉल, वाढवली तर रेज, पानं टाकली तर फोल्ड. कोणी काही लावलेलंच नसेल तर काही न लावता पुढे जाता येतं, तो चेक. मध्ये जमलेली रक्कम म्हणजे पॉट.

पण सगळेच चांगल्या पानांची वाट बघत बसले तर खेळ चालायचाच नाही. म्हणून दर डावात दोघांना पानं बघण्याआधीच सक्तीने पैसे टाकावे लागतात. लहान रक्कम स्मॉल ब्लाइंड, मोठी बिग ब्लाइंड. या प्रकरणात आपण लहान रक्कम ५० चिप्स आणि मोठी १०० चिप्स धरू. वाटपाची खूण असलेली गोल चकती म्हणजे बटण. फ्लॉपपासून पुढे बटणावरचा खेळाडू सगळ्यांत शेवटी निर्णय घेतो, म्हणून ती टेबलावरची सर्वांत चांगली जागा. सतत रेज करणारा माणूस बहुतेक वेळा इथूनच करतो.

चिप्सच्या मागे पैसे कुठे असू शकतात, हे सांगणं लेखकाचं काम आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवणं, त्यांची जाहिरात करणं आणि त्यांचे आर्थिक व्यवहार हाताळणं यांवर त्याने बंदी घातली. खेळ कौशल्याचा आहे, ही सबब त्यात चालत नाही. गोव्यात मांडवीतल्या कॅसिनो बोटींवर टेबलाशी बसून पोकर खेळतात, ती गोष्ट वेगळ्या कायद्याखाली येते. न्यू जर्सीत २०१३ पासून परवानाधारक ऑनलाइन पोकर आहे, ब्रिटनमध्येही आहे, आणि तिथे राहणारी मराठी माणसं कायद्याने ते खेळू शकतात. इथल्या वाचकाने ही गणितं खोट्या चिप्सवर करून पाहावीत. गणित तेच राहतं.

२. काहीच न करण्याची किंमत

सहा जणांच्या टेबलावर बिग ब्लाइंड दर सहा डावांनी एकदा येतो, स्मॉल ब्लाइंडही तसाच. म्हणजे सहा डावांमागे १५० चिप्स नुसत्या बसण्याचे गेले. शंभर डावांत २,५००. बिग ब्लाइंडच्या हिशेबात २५. एक चांगला ऑनलाइन खेळाडू शंभर डावांमागे पाच बिग ब्लाइंड कमावत असेल तर त्याची कामगिरी उत्तम मानतात. पाच कमावणं जिथे उत्तम, तिथे पंचवीस गमावण्याची चैन कोणालाच परवडत नाही.

बिग ब्लाइंडच्या जागेवर सगळेच तोट्यात असतात, जगातले अव्वल खेळाडूसुद्धा. पानं न बघता पैसे टाकायचे आणि मग फ्लॉपनंतर बटणवाल्याच्या आधी बोलायचं, अशी ती जागा आहे. तिथे नफ्याची अपेक्षा धरूच नये. दर वेळी पानं टाकली तर दर वेळी पूर्ण १०० चिप्स जातात. कॉल करून सरासरी ८० गेले, तर तुम्ही २० वाचवले. हे एक वाक्य ज्याला पटलं त्याला पुढचं सगळं सोपं जातं. बचाव करायचा की नाही हे ठरवताना तुलना शून्याशी करायची नसते, आधीच टाकलेल्या शंभराशी करायची असते.

आता समोरच्याच्या बाजूने बघा. बटणवाला २५० चा रेज करतो. मध्ये पडलेत १५०. दोघेही ब्लाइंड सोडून गेले तर ते त्याचे. २५० लावून १५० मिळवायचे, तर त्याचा प्रयत्न चारशेपैकी अडीचशे वेळा, म्हणजे ६२.५ टक्के वेळा यशस्वी झाला की त्याचं भागलं. तुम्ही दोघे मिळून त्याहून जास्त वेळा पानं टाकत असाल, तर त्याला आपली पानं बघायचीही गरज नाही. सत्ती-दुर्री असो की एक्क्यांची जोडी, तो रेज करून फायद्यातच राहील. स्मॉल ब्लाइंडला कॉल करायला जास्त पैसे लागतात आणि त्याची जागाही वाईट, तो बहुतेकदा सोडतो. म्हणून वाट अडवण्याचं काम बिग ब्लाइंडवर येतं.

३. किती वेळा जिंकलं तर परवडतं?

बटणवाल्याने २५० केले, स्मॉल ब्लाइंड गेला. पॉटमध्ये आता २५० अधिक ५० अधिक तुमचे १००, असे ४००. तुम्हाला आणखी १५० घालायचे आहेत. घातल्यावर पॉट ५५० होईल. १५० भागिले ५५० म्हणजे २७.३ टक्के. शंभरातून साधारण सत्तावीस वेळा तो पॉट तुमचा झाला, तर कॉल फुकट गेला नाही.

रेजचा आकार बदलला की हा आकडा हलतो. त्याने २०० च केले तर तुम्हाला १०० घालायचे आणि पॉट ४५० होणार, म्हणून २२.२ टक्के पुरेत. ३०० केले तर ३०.८ लागतात. ऑनलाइन खेळाच्या सुरुवातीच्या काळात तीन-चार पट रेजची पद्धत होती, त्यामुळे त्या काळच्या पुस्तकांतला ‘बिग ब्लाइंडमध्ये संयम ठेवा’ हा सल्ला तेव्हा बराचसा बरोबर होता. पुढे रेज लहान होत गेले. २०१५ नंतर सॉल्व्हर म्हणून ओळखली जाणारी, डावाचा जवळजवळ निर्दोष मार्ग हुडकणारी सॉफ्टवेअरं सामान्य खेळाडूंच्या संगणकावर आली. २०१७ च्या जानेवारीत कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्रेटस या प्रोग्रामने पिट्सबर्गमध्ये चार व्यावसायिक खेळाडूंना दोघादोघांच्या खेळातल्या १,२०,००० डावांत हरवलं. यंत्रांनी स्वतःशीच खेळून काढलेलं उत्तर माणसांच्या सवयीपेक्षा खूप सढळ होतं. बटणावरून २५० चा रेज आला तर बिग ब्लाइंडने चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या आसपास पानं खेळायला हवीत. आणि नवा खेळाडू खेळतो वीसेक टक्के.

इथे रेक विसरू नये. रेक म्हणजे पॉटमधून साइट कापून घेते तो हिस्सा, लहान टेबलांवर बहुधा ५ टक्क्यांच्या आसपास. ५५० मधून साडेसत्तावीस गेले तर तुमची गरज २७.३ वरून २८.७ टक्क्यांवर चढते. म्हणून लहान टेबलावर काठावरची पानं सोडावीत. बहुतेक ठिकाणी फ्लॉप न येता डाव संपला तर रेक कापत नाहीत, ही गोष्टही लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

४. हक्क किती, वसुली किती

सावध वाचक इथे अडेल, आणि त्याने अडायलाच हवं. सत्ती-दुर्री, तीही वेगवेगळ्या रंगांची, होल्डममधली सर्वांत टाकाऊ म्हणून प्रसिद्ध. पण समोरच्याच्या हातात कुठलीही दोन पानं धरली आणि पाचही पानं उघडून बघितली, तर बरोबरी म्हणजे अर्धा विजय धरून ती ३४.६ टक्के वेळा जिंकते. आपल्याला तर २७.३ पुरेत. मग सत्ती-दुर्रीवर कॉल करावा का?

करू नये, कारण पाचही पानं बघायला तुम्हाला कोणी फुकट देणार नाही. फ्लॉपवर तो पैसे लावेल, टर्नवर आणखी लावेल, आणि सत्ती-दुर्री घेऊन तुम्ही मध्येच निघून जाल. शिवाय दर टप्प्यावर तुम्ही आधी बोलता. मंडईत आधी आकडा बोलणाऱ्याची जी गत होते तीच इथे होते. तुम्ही चेक केलंत की दुबळेपणा त्याला दिसला. तुम्ही पैसे लावलेत तर त्याच्यापुढे सोडण्याचा आणि वाढवण्याचा, दोन्ही रस्ते मोकळे. म्हणून पानांचा कागदावरचा हक्क एक आणि प्रत्यक्षातली वसुली दुसरी.

बटणवाला निदान बरी पानं निवडून खेळतो, तेव्हा सत्ती-दुर्रीचा हक्क तिशीकडे येतो. समजा त्यातली साठ टक्केच वसूल झाली, तर हातात अठरा उरले. सत्तावीस हवे होते. आता बदाम अठ्ठी-सत्ती घ्या. हिचा हक्क चाळीसच्या आसपास धरू. ही पानं एकाच रंगाची आणि लागोपाठची आहेत, त्यामुळे फ्लॉपवर कधी जोडी मिळते, कधी रंग (एकाच रंगाची पाच पानं) जमायला एक पान कमी, कधी ओळ (लागोपाठची पाच पानं) जमायला एक पान कमी. रस्त्यात टिकून राहायला काहीतरी कारण सापडतं. ऐंशी टक्के वसुली धरली तर बत्तीस मिळतात. कॉल करावा.

यातून निवडीचा अंदाज येतो. सगळ्या जोड्या खेळाव्यात, अगदी दुर्रीची सुद्धा. एकाच रंगाचा एक्का कशाबरोबरही, राजा बहुतेकांबरोबर. एका रंगातली लागोपाठची किंवा एकाआड एक पानं. वेगळ्या रंगांची असतील तर राजा-गुलाम, राणी-दश्शी अशी वरची. राजा-दुर्री किंवा राणी-चव्वी वेगळ्या रंगांत आली तर चित्र बघून मोह होतो, पण ती सोडावीत. एवढंच चित्र जुळलं आणि समोरच्याचंही तेच जुळलं असेल, तर दुसरं पान आपल्याला बुडवतं.

हे सगळं बटणावरच्या रेजबद्दल. सहा जणांच्या टेबलावर सर्वांत आधी बोलणाऱ्याने रेज केला असेल तर त्याच्यामागे पाच जण बोलायचे राहिलेले असतात, म्हणून कितीही आक्रमक असला तरी तिथून तो निवडक पानंच खेळतो. अशा वेळी आपणही हात आखडावा. माणूस बघण्याआधी खुर्ची बघायची.

५. फ्लॉप आला, आता?

खरी घसरण इथे होते. खेळाडू मोठ्या हिमतीने कॉल करतो, फ्लॉप येतो, चेक करतो, समोरचा पैसे लावतो आणि हा पानं टाकून मोकळा होतो. असंच करायचं असेल तर कॉल करू नये.

जोडी नसलेली कुठलीही दोन पानं घ्या. फ्लॉपवर त्यांतल्या एकाची तरी जोडी जमण्याची शक्यता जेमतेम एक तृतीयांश. हे तुम्हाला लागू आहे तसंच त्यालाही. तीनांतून दोनदा त्याचंही काही जमलेलं नसतं. तरी तो पैसे लावतो, कारण रेज त्याने केला होता आणि गोष्ट पुढे न्यायचा मान त्याचा असतो. पॉट ५५० असताना तो १८० लावेल, साधारण एक तृतीयांश. १८० लावून ५५० मिळवायला त्याला चारातून एकदा यश पुरे. म्हणून तुम्हाला ढोबळपणे चारातून तीन वेळा टिकून राहावं लागतं.

उदाहरण बघू. तुमच्याकडे बदाम अठ्ठी-सत्ती. फ्लॉपवर इस्पिक राजा, चौकट अठ्ठी, किलवर तिर्री. तुमची मधली जोडी जमली, पण राजा डोळ्यांत खुपतो. त्याने १८० लावले. तुम्ही १८० घातल्यावर पॉट ९१० होईल, म्हणजे वीस टक्क्यांहून किंचित कमी वेळा जिंकलात तरी चालतं. त्याच्याकडे राजा किती वेळा असेल? तुम्हाला पाच पानं दिसताहेत, उरली ४७. त्यांतून दोन-दोन पानांच्या १,०८१ जोड्या होतात. राजे उरले तीन, आणि निदान एक राजा असलेल्या जोड्या आहेत १३५. म्हणजे साडेबारा टक्के. तो राजाची पानं इतरांपेक्षा जास्त आवडीने खेळतो हे धरलं तरी प्रमाण पाचातून एकदाच्या आसपास जातं. एक्क्यांची, राण्यांची जोडी, चांगली अठ्ठी असे आणखी काही हात मिळवा. तरीही बहुतेक वेळा तुमची अठ्ठी पुढे आहे. राजाला घाबरून ती टाकणं ही शुद्ध उधळपट्टी.

टर्नवर किलवर दुर्री पडली, कोणाचंच काही बदललं नाही. आता तो ९१० च्या पॉटमध्ये ६०० लावतो. गणित सांगतं २८ टक्के हवेत. इथे गणित एकटं पुरत नाही, माणूस कळावा लागतो. आक्रमक खेळाडू दोन जातींचे असतात. एक जण फ्लॉपवर सरसकट पैसे लावतो आणि कॉल मिळाला की गप्प बसतो. असा माणूस टर्नवर पुन्हा पैसे लावतो तेव्हा त्याच्याकडे राजा असतो, सोडून द्या. दुसरा कशावरही तिन्ही टप्प्यांवर मारा करतो. त्याच्यापुढे अठ्ठी हातात धरून रिव्हरपर्यंत कॉल करत जाणं हाच त्याच्यावरचा उतारा आहे. उलट रेज करून त्याला सावध करू नये. त्याची थापेबाजी जितकी लांबेल तितका पॉट आपल्यासाठी वाढतो.

कधी मात्र आपणच वाढवावं. तीच अठ्ठी-सत्ती, पण फ्लॉप आला बदाम नव्वी, किलवर पंजी, बदाम दुर्री. जमलेलं काही नाही. पण बदामाची नऊ पानं शिल्लक आहेत, ज्यांनी रंग पुरा होतो. छक्की आली तर पंजीपासून नव्वीपर्यंत ओळ लागते. चार छक्क्यांतली बदामाची आधीच मोजली, उरल्या तीन. एकूण बारा पानं. टर्न आणि रिव्हर मिळून त्यांतलं एखादं येण्याची शक्यता ४५ टक्के. तुम्ही चेक केलंत, त्याने १८० लावले, तुम्ही ६०० केलेत. मध्ये ७३० पडलेत. ६०० लावून ७३० मिळवायचे, तर त्याने ४५ टक्के वेळा सोडलं तरी भागलं. आणि नाही सोडलं तरी डाव निम्म्याच्या जवळपास शाबूत. ज्याचं तीनांतून दोनदा काही जमलेलं नसतं, त्याला हा धक्का झेपत नाही.

६. फ्लॉपची वाटच न बघणं

रेजवर रेज करण्याला थ्री-बेट म्हणतात. बटणवाल्याने २५० केले, तुम्ही थेट १,००० केलेत. तुमचे १०० आधीच आत आहेत, म्हणजे नवे ९००. मध्ये पडलेत ४००. नऊशे लावून चारशे मिळवायचे तर तेरातून नऊ वेळा, ६९ टक्के वेळा त्याने सोडायला हवं. आकडा मोठा वाटतो. पण तो पंचेचाळीस टक्के पानांवर रेज करत असेल, तर एकूण १,३२६ जोड्यांपैकी जवळपास ५९७ झाल्या. थ्री-बेटनंतर तो वरच्या दहा टक्क्यांवरच टिकत असेल, तर त्या १३३. बाकी ७८ टक्के वेळा तो पानं टाकतो. तुमची पानं कोणती, याचा प्रश्नच उरला नाही. फ्लॉप आला नाही म्हणून रेकही गेला नाही.

अर्थात मोठ्या जोड्या आणि एक्का-राजा यांवर थ्री-बेट करायचाच. त्यांच्या सोबतीला थापेची काही पानं लागतात, आणि त्यासाठी एका रंगाची एक्का-पंजी अतिशय चांगली. एक एक्का तुमच्याकडे आला की त्याच्या हातात एक्क्यांची जोडी असण्याचे प्रकार सहावरून तीनवर येतात, एक्का-राजाचे सोळावरून बारावर. आणि कॉल झालाच तर रंग किंवा ओळ जमायची आशा राहते. पण जो थ्री-बेटला कधीच सोडत नाही, त्याच्यावर थापा मारणं बंद करावं आणि फक्त खऱ्या हातांवर वाढवावं. आपल्या योजनेवर प्रेम असलं तरी समोरचा ती मोडतोय हे बघायला हवं.

७. तो खरंच आक्रमक आहे का?

पडद्यावर चेहरा नसतो, म्हणून आकडे बघतात. काही साइट्सवर प्रत्येकाची आकडेवारी दाखवणारी जोड-सॉफ्टवेअरं चालतात, काहींनी ती बंद केली आहेत. तिथे वहीच खरी. पण दहा डावांवरून कोणाला शिक्का मारू नये. बटणावरून सर्वसामान्य पंचेचाळीस टक्के पानं खेळणारा माणूससुद्धा दहा संधींपैकी सात किंवा जास्त वेळा रेज करेल, अशी शक्यता दहा टक्के आहे. म्हणजे दहा साध्या माणसांतला एखादा निव्वळ चांगली पानं आल्यामुळे तुम्हाला सतावणारा वाटू शकतो. शेवटी पानं उघडतात ते डाव जपून नोंदवा. रिव्हरपर्यंत मारा करून त्याने काय दाखवलं, ही एक नोंद शंभर रेजच्या मोजणीपेक्षा अधिक सांगते.

८. स्मॉल ब्लाइंडने रेज केला तर

एक प्रसंग राहिला. सगळे सोडून गेले आणि स्मॉल ब्लाइंडने ३०० चा रेज केला. पॉट ४००, तुम्हाला घालायचे २००, एकूण ६००. गरज ३३.३ टक्के, बटणाच्या वेळेपेक्षा जास्त. तरी इथे तुम्ही निम्म्याहून अधिक पानं खेळू शकता. कारण फ्लॉपपासून पुढे आता तो आधी बोलतो. बटणाच्या रेजपुढे वेगळ्या रंगांची गुलाम-अठ्ठी रेक धरता टाकावी लागते; इथे ती सुखाने कॉल करता येते. तो चेक करेल तेव्हा तुम्ही पैसे लावा. त्याने एकदा लावून टर्नवर चेक केलं तर तेव्हा लावा. फुकट पान हवं असेल तर तुम्हीही चेक करा.